जुन्या घराची मापं घेताना ॲपचे दोन प्लॅन जुळत नाहीत, तर चूक कुठेय?

प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे मध्येच वाचायला येणाऱ्यालाही कळेल. घर साधारण सव्वाशे वर्षांचं, दुमजली, वर पोटमाळा. पुढच्या वर्षी मोठी दुरुस्ती निघणारे आणि त्याआधी घर आत्ता जसं आहे तसं कागदावर उतरवून ठेवायचंय. हातात एक लेसर मीटर आहे आणि फोनमध्ये खोली फिरवून दाखवली की प्लॅन काढून देणारं ॲप आहे. तुम्ही ॲपने दोनदा प्लॅन काढलात, दोन्ही वेळा वेगळे आले, म्हणून विचारताय की कुठलं ॲप जास्त अचूक.

मी 22 वर्षं जुन्या इमारतींची मापं घेऊन ड्रॉइंग करतोय, आणि मला विचाराल तर ॲप बदलून तुमची अडचण सुटणार नाही. दोन प्लॅन आले आणि त्यातला चुकीचा कुठला ते तुम्हाला सांगता येत नाहीये, खरी अडचण ही आहे. मापं अशी घ्यायची की चूक झालीच तर ती स्वतःहून वर आली पाहिजे. चूक सगळ्यांची होते, माझी आजही होते, फक्त ती जागेवर असतानाच सापडली पाहिजे, घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसल्यावर नाही.

आता थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगून टाकतो. दुरुस्तीसाठी ड्रॉइंग हवंय की घर पाडायच्या आधीची नोंद म्हणून हवंय, यावर काय किती मोजायचं ते ठरतं. दुरुस्ती असेल तर तडे, कललेल्या भिंती, बसलेल्या जमिनी महत्त्वाच्या. पाडणार असतील तर लाकडाचे सांधे, खिडक्यांचे नक्षीचे भाग, जे परत कधी दिसणार नाही ते आधी. आणि वाटणीचा किंवा हद्दीचा वाद असेल तर माझ्यासारख्याच्या ड्रॉइंगवर विसंबू नका, त्याला अधिकृत मोजणीदारच लागतो. तुम्ही दुरुस्ती म्हणालात, म्हणून पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहितोय.

सगळ्यात पहिली गोष्ट, जुन्या घरात काटकोन असतो असं धरूनच चालू नका. ॲप नेमकं हेच धरून चालतं. बहुतेक ॲप भिंती सरळ करतात, कोपरे 90 अंशाला ओढतात, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी धरतात आणि शेवटी प्लॅन बंद होत नसेल, म्हणजे भिंती फिरून परत सुरुवातीच्या कोपऱ्याला मिळत नसतील, तर उरलेला फरक गुपचूप सगळ्या बाजूंवर वाटून टाकतात. प्लॅन दिसायला एकदम स्वच्छ, पण घराची जी माहिती होती ती त्या सफाईतच गेली. यावर उपाय फार जुना आणि फुकटचा आहे, खोलीच्या चार बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. चार बाजू आणि एक कर्ण एवढ्यात खोलीचा आकार पक्का होतो, दुसरा कर्ण हा तुमचा तपासनीस. समजा खोली 4.20 बाय 3.60 मीटर आहे, ती काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण 5.53 च्या आसपास यायला हवेत. तुम्हाला एक 5.49 आणि दुसरा 5.57 आला तर खोली तिरकी आहे, 3.60 च्या लांबीत साधारण 5 सेंटीमीटर सरकलेली. आणि एक 5.53 आणि दुसरा 5.70 आला तर खोली तिरकी नाही, तुमचं कुठलं तरी माप चुकलंय, कारण समोरासमोरच्या बाजू सारख्या असताना एक कर्ण वाढला की दुसरा कमी व्हायलाच हवा. बघा, दुसरं काही न करता चूक सापडली.

दुसरी गोष्ट, तुकड्या तुकड्यात मोजू नका. कोपऱ्यापासून खिडकी, मग खिडकीची रुंदी, मग तिथून पुढच्या दारापर्यंत, असं दहा तुकड्यांत मोजलं आणि प्रत्येक वेळी 3 मिलिमीटर एकाच बाजूला चुकले तर भिंतीच्या टोकाला 3 सेंटीमीटर गेले. त्यापेक्षा टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवायचं, टेप भिंतीला लावून ताणायची आणि तिथूनच सगळे आकडे वाचत जायचे, खिडकी सुरू 0.86, संपली 1.94, दार सुरू 2.71, असं. याला आम्ही रनिंग माप म्हणतो. यात एक आकडा चुकला तरी तो एकटाच चुकतो, पुढच्यांना ओढत नेत नाही. लेसर लांब अंतराला आणि उंचीला मस्त आहे, पण रनिंग मापाला टेपच बरी.

लेसरवरून आठवलं. लेसर मीटरमध्ये माप यंत्राच्या मागच्या कडेपासून धरायचं की पुढच्या, याची सेटिंग असते. एकदा माझ्या सोबतच्या मुलाकडून ते बटण चुकून दाबलं गेलं आणि दुपारनंतरच्या सगळ्या खोल्या यंत्राच्या लांबीइतक्या, म्हणजे 11-12 सेंटीमीटरने लहान झाल्या! सापडलं कशामुळे तर दोन कर्ण एकमेकांशी ताडून नाही, कारण दोन्ही त्याच यंत्राने घेतलेले आणि सारखेच लहान झालेले. सापडलं कारण बाहेरची लांबी टेपने घेतली होती. तेव्हापासून सकाळी आणि जेवणानंतर एक ठरलेलं अंतर मोजून बघतो, एखाद्या दाराची रुंदी वगैरे, आणि ते वहीत लिहितो. टेपचंही तेच, हूक वाकलेला असेल तर लोक 10 सेंटीमीटरच्या खुणेपासून मोजतात आणि मग ते 10 वजा करायचे विसरतात. आणि लेसरचा ठिपका काचेवर पडला तर तो आकडा धरू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा आणि त्यावर ठिपका घ्या.

आता उंचीबद्दल, कारण माझ्या मते जुन्या घराची खरी गोष्ट प्लॅनमध्ये कमी आणि सेक्शनमध्ये, म्हणजे घर उभं कापून बघितल्यासारख्या ड्रॉइंगमध्ये, जास्त कळते, आणि नवखे लोक सेक्शनच टाळतात. जमीन सपाट आहे असं समजून जमिनीपासून उंच्या मोजल्यात तर सगळं वाया. घरभर एकच आडवी रेषा फिरवा, साधारण कंबरेच्या वर, जमिनीपासून 1 मीटरच्या आसपास. फिरता लेसर असेल तर उत्तम, नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून लेवल काढायची पद्धत आजही तितकीच चोख आहे, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. भिंतीवर पेन्सिल चालत नसेल तर कागदी चिकटपट्टीवर खूण करा. मग त्या रेषेपासून खाली जमिनीपर्यंत किती, खिडकीच्या तळापर्यंत किती, वर तुळईपर्यंत किती, असं प्रत्येक कोपऱ्यात आणि खोलीच्या मध्ये मोजा.

हे आकडे समोर आले की घर बोलायला लागतं, आणि या कामात मला सगळ्यात जास्त मजा इथे येते. समजा एका बाजूला जमीन 6 सेंटीमीटर खाली आहे. त्याच बाजूला खिडकीचा तळ, चौकटीचा माथा आणि वरची तुळई पण तेवढीच खाली असेल तर घर बांधून झाल्यावर ती अख्खी बाजू बसलीये, पायाकडे बघावं लागेल. खिडक्या लेवलमध्ये असतील आणि फक्त जमीन खाली असेल तर भराव दबलाय किंवा खालचे वासे वाकलेत, ते वेगळं दुखणं. आता दाराकडे बघा. चौकट तिरकी आहे पण दाराची फळी खालून पाचरीसारखी तासून बसवलीये, म्हणजे घर कललं, मग कोणीतरी दार तासलं. त्यानंतर दार परत घासतंय का? घासत नसेल तर बसण्याची हालचाल थांबल्याची शक्यता बरीच आहे, घासत असेल तर चालू असेल. हे कुठल्याही ॲपच्या प्लॅनमध्ये येत नाही कारण ॲपने तुमची जमीन सपाट करून टाकली. तुमचा इंजिनीअर मात्र पहिलं हेच विचारणार आहे.

भिंतींची जाडी. आतून खोल्या मोजल्या, बाहेरून घर मोजलं, आणि दोन्ही जोडायचं कसं तर खिडक्या-दारांमधून. प्रत्येक उघड्या जागेत भिंत किती जाड आहे ते मोजा, आणि गिलाव्यासकट मोजताय की चौकटीपर्यंत ते एकदा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका, मग घरभर तेच पाळा. मग बेरीज करायची, आतल्या खोल्या अधिक भिंती बरोबर बाहेरची लांबी. जुळलं तर छान, नाही जुळलं तर अजून छान.

एका घरात असं झालं की तळमजल्यावर दोन खोल्यांमधल्या भिंतीला दारच नव्हतं, म्हणून तिची जाडी थेट मोजता येत नव्हती. बेरजेतून तिच्या वाट्याला 1.15 मीटर उरत होते. वरच्या मजल्यावर तीच भिंत 45 सेंटीमीटर. जुन्या घरात खालची भिंत जाड असते हे खरं पण इतकी नाही. आम्ही तीनदा मोजलं, एकमेकांवर वैतागलो, शेवटी एका कपाटाची मागची फळी काढली तर आत पोकळी, दोन बाजूंना दोन बारीक भिंती आणि मध्ये बंद करून टाकलेला अरुंद जिना. आत धूळ आणि तुटक्या फळ्या, बाकी काही नाही. पण दुरुस्तीच्या आराखड्यात नेमक्या त्याच 'जाड' भिंतीवर नवीन लोखंडी तुळई टेकवायची ठरली होती. म्हणून सांगतो, बेरीज जुळत नसेल तर आकडा जुळवून घेऊ नका, उरलेला आकडा जिथे उरतोय तिथे जाऊन भिंतीवर टकटक करून बघा.

वरचा मजला काढताना खालचा प्लॅन ट्रेस करायचा मोह होतो, तो टाळा. भिंती वर बारीक होतात, कधी सरकलेल्या असतात, कधी खाली भिंत नाहीच आणि वरची भिंत नुसत्या तुळईवर उभी असते. दोन मजले जोडायला जिन्याच्या मोकळ्या जागेतून ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, सोडा आणि त्या एका उभ्या रेषेपासून दोन्ही मजल्यांवर मापं घ्या, शक्य असेल तर घराच्या दुसऱ्या टोकाला खिडकीबाहेरून अजून एक, एका ओळंब्याने जागा कळते पण मजला फिरलेला आहे का ते कळत नाही. वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, झुलायचा थांबतो. जिन्याचं सांगायचं तर आधी एकूण उंची, मग पायऱ्या मोजा, मग प्रत्येक पायरी वेगळी मोजा, भागाकार करून सारख्या दाखवू नका. सगळ्यात खालची पायरी बाकीच्यांपेक्षा 5-6 सेंटीमीटरने बुटकी निघाली तर बहुधा जुन्या जमिनीवर नवीन जमीन चढवलेली आहे.

किती बारीक मोजायचं हा प्रश्न स्केलवरून सोडवा. 1:50 च्या ड्रॉइंगवर 0.2 मिलिमीटरची बारीक रेष म्हणजे प्रत्यक्षात 10 मिलिमीटर. तिथे मिलिमीटरवर भांडण्यात अर्थ नाही, जवळच्या 5 मिलिमीटरला वाचलं तरी पुरे. 1:20 ला तीच रेष 4 मिलिमीटर होते. नक्षी, कठड्याचे गज, चौकटीची गोलाई हे मात्र 1:5 ला किंवा सरळ खऱ्या आकारात काढा, कागद लावून कडेने पेन्सिल फिरवली तरी चालतं किंवा सुयांचा प्रोफाइल गेज मिळतो तो वापरा. प्लॅन आणि सेक्शन 1:50, डिटेल मोठ्या स्केलला, तुमच्या घराला एवढं बास. कॉम्प्युटरवर सगळं 1:1 मध्ये काढतात म्हणून स्केलचा विचार नको असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. किती बघायचं हे स्केल ठरवतं, आणि ते जागेवर असतानाच ठरलेलं असावं लागतं.

जागेवरची वही हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून थोडं सहन करा. कच्चं स्केच पेन्सिलने, आकडे लाल पेनने, म्हणजे भिंतीची रेष कुठली आणि मापाची कुठली यात गोंधळ होत नाही. स्केच मोठं काढा, एका पानावर एकच खोली. एकाने मापं वाचायची, दुसऱ्याने लिहिताना मोठ्याने परत म्हणायचं. आणि घरी येऊन ही पानं स्वच्छ उतरवून मूळ पानं फेकून देऊ नका! अमेरिकेत 1933 साली मंदीत बेकार झालेल्या आर्किटेक्टना काम द्यायला ऐतिहासिक इमारतींची मोजणी सुरू झाली, आर्किटेक्ट चार्ल्स पीटरसन यांची मूळ सूचना 1000 लोकांना दहा आठवडे काम द्यायची होती, आणि तो उपक्रम आजही चालू आहे. ती ड्रॉइंग तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि नुसती सुबक शीटं नाही तर जागेवरची कच्ची पानंही त्यांच्यासोबत जपतात. कारण पन्नास वर्षांनी एखाद्या आकड्याबद्दल शंका आली तर सुबक शीट काही सांगू शकत नाही, ते कच्चं पान सांगतं.

आता तुम्ही विचाराल की एवढं सगळं करण्यापेक्षा एखाद्याकडून सरळ लेसर स्कॅन करून घेऊ का. पैसे आणि माणूस असेल तर जरूर घ्या, मी स्कॅनच्या विरोधात नाही, वाकड्या भिंती आणि उंच दर्शनी भागासाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण स्कॅन म्हणजे ड्रॉइंग नव्हे. स्कॅनला फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो, ही फळी त्या फळीत खाच करून बसवलीये की खिळ्याने ठोकलीये हे त्याला कळत नाही. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं उदाहरण सगळे देतात. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी 2010 मध्ये त्याचा लेसर स्कॅन केला होता, अब्जाहून जास्त बिंदूंचा, आणि 2019 च्या आगीनंतर त्याची खूप चर्चा झाली. त्यामानाने कमी लोकांना माहितीये की जळून गेलेल्या छपराच्या लाकडी सांगाड्याची मोजणी 2014 मध्ये रेमी फ्रोमाँ आणि सेड्रिक ट्रांतेसो या दोन आर्किटेक्टनी आत चढून, तुळईन् तुळई बघून केली होती, आणि सांगाडा परत ओकच्या लाकडात उभा करताना ती ड्रॉइंग फार कामाला आली. तुमच्या घरात पोटमाळ्यावर जाऊन दोन वाशांचा सांधा नीट बघून काढलात तर ते काम कुठलंच यंत्र तुमच्यासाठी करणार नव्हतं.

फोनचा उपयोग फोटोंसाठी करा, तो भरपूर करा. प्रत्येक भिंत समोरून सरळ, शेजारच्या फोटोत निम्म्याहून जास्त भाग परत येईल असे घ्या, आणि फोटोत कुठेतरी पट्टी किंवा मापाची काठी दिसू द्या. पुढे कोणाला त्यातून 3डी मॉडेल करावंसं वाटलं तर करता येईल. ॲपचा प्लॅन पण टाकून देऊ नका, पहिल्या दिवशी कुठली खोली कुठे आहे हे समजायला आणि कच्च्या स्केचचा आधार म्हणून तो बरा.

ड्रॉइंग करताना एकच शिस्त पाळा, जे आहे तेच काढायचं. तिरकं आहे तर तिरकं. पूर्वी इथे खिडकी असणार असं वाटतंय, तर ती बुजवलेली खिडकी आज जशी दिसते तशी काढा आणि बाजूला लिहा की बुजवलेली वाटते, गिलाव्यात उभी चीर आहे. मूळ घर कसं असेल याचं वेगळं शीट करा हवं तर, पण दोन्ही एकात मिसळू नका. जे मोजलं नाही, अंदाजाने काढलं, ते तुटक रेषेने, आणि जिथे पोचताच आलं नाही तिथे सरळ तसं लिहा. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत हे लिहायला लाजायचो, ड्रॉइंग अपुरं दिसेल म्हणून. पोलंडचं वॉर्सा शहर दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालं, त्याची जुनी वस्ती परत बांधताना तिथल्या पॉलिटेक्निकच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी युद्धाआधी आणि युद्धकाळात केलेली मोजणीची ड्रॉइंग, लपवून वाचवलेली, कामी आली. बेलोत्तो या इटालियन चित्रकाराची 18व्या शतकातली शहराची चित्रंही वापरली. पण चित्रकार थोडं सजवतो, तो त्याचा हक्कच आहे, आणि नंतर बांधणाऱ्याला कळत नाही की ही कमान होती का चित्रकाराला हवी होती. तुमच्या ड्रॉइंगमध्ये तो संशय येऊ नये.

शीटवर मोजल्याची तारीख, कोणी मोजलं, उत्तर दिशा, आणि स्केल आकड्यात लिहिलं तरी सोबत पट्टीसारखं काढलेलं स्केल हवंच. झेरॉक्स किंवा प्रिंट लहान-मोठी झाली की '1:50' हे शब्द खोटे ठरतात, पट्टी मात्र चित्रासोबतच लहान-मोठी होते. फाइल कॉम्प्युटरवर असू दे पण चांगल्या कागदावर एक प्रिंट काढून घरात ठेवा. वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या काही सीडी आज उघडत नाहीत, त्या कामाचे कागद मात्र कपाटात आहेत.

वेळेचं म्हणाल तर आठ-दहा खोल्यांच्या घराला दोन माणसांना मोजायला तीन-चार दिवस धरा, आणि काढायला त्याच्या दुप्पट. सामानाने भरलेल्या खोल्या असतील तर अजून जास्त. एकट्याने करू नका, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच आणि पोटमाळ्यावर एकट्याने जाऊच नये. वर गेलात तर तुळईवर पाय द्या, मधल्या फळ्यांवर नाही, मास्क लावा, आणि खाली कोणाला तरी सांगून जा.

आणि सगळं घर एकदम घेऊ नका. पहिल्या दिवशी फक्त एक खोली, शक्यतो सगळ्यात सोपी चौकोनी, चार बाजू, दोन कर्ण, लेवलच्या रेषेपासून चार कोपरे, आणि संध्याकाळी त्याच दिवशी ती स्केलला काढून बघा. जुळली तर दुसऱ्या दिवशी पुढे जा. नाही जुळली तर ते सहा आकडे आणि चार उंच्या मला पाठवा, कुठलं माप परत घ्यायला लागेल ते बहुतेक वेळा आकड्यांवरूनच सांगता येतं.